पेन्सिलीचा गोल

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. डबा माझाच, झाकणावर माझं नाव कोरलेला. दिवाळीला तो चकल्या घेऊन जातो आणि ईदला शीरखुर्मा घेऊन परत येतो. मधले महिने तो कुणाच्या फडताळात असतो याचा हिशेब दोन्ही घरांनी कधी ठेवलेला नाही. या वेळी भाभींच्या मागोमाग त्यांचा धाकटा मुलगाही आला. बहारीनला एका बँकेत असतो, तीन वर्षांनी ईदला घरी आला होता. नाव लिहू नका म्हणालाय, म्हणून इथं तो नुसता पोरगा. वय चौतीस, पण मी त्याला चड्डीत पाहिलंय.

"मावशी, अम्मी म्हणते तुमचं आणि माझं काम एकच की," खुर्चीवर बसता बसता म्हणाला.

माझी एकतीस वर्षं बेळगावातल्या एका नागरी सहकारी बँकेत गेली, त्यातली शेवटची नऊ तपासणी विभागात. शाखेत न सांगता जायचं, रोकड मोजायची, कर्जाच्या फायली काढायच्या, कुठं जामीनदाराची सही नाही, कुठं विमा संपलाय ते लिहायचं आणि मॅनेजरांचे शिव्याशाप घेऊन शेवटच्या बसनं परत यायचं. पोरगा तिकडं एका इस्लामी बँकेच्या शरिया ऑडिटला आहे, म्हणजे बँकेचे व्यवहार इस्लामी धर्मनियमांत बसतात का ते बघायला. मला इतकी वर्षं वाटायचं, हे काम म्हणजे कुणी मौलवी वर्षातून एकदा येऊन "व्याज घेत नाही ना?" विचारणार, हे "नाही" म्हणणार, मग चहा.

"तसं नाही मावशी. मी वेळ बघतो. कुठल्या कागदावर कितीची वेळ पडलीय, एवढंच."

मग त्यानं एक फाईल सांगितली. गिऱ्हाइकाचं नाव-गाव अर्थातच नाही.

एकाला वर्कशॉपसाठी लेथ मशीन हवं होतं. आपल्याकडं बँक कर्ज देईल, तो मशीन आणेल, व्याजासकट हप्ते फेडेल. तिथं बँक कर्ज देत नाही, मशीनच विकते. आधी स्वतः दुकानदाराकडून घेते, आपल्या मालकीचं करते, मग त्यावर नफा चढवून गिऱ्हाइकाला उधारीनं देते. आपल्याला कितीला पडलं आणि नफा किती लावला, हे दोन्ही आकडे गिऱ्हाइकाला उघड सांगायचे. एकदा किंमत ठरली की ठरली, पुढं वाढत नाही. याला मुराबहा म्हणतात.

"म्हणजे व्याजच की रे."

"सगळे हेच म्हणतात. बरं, बँकेनं मशीन घेतलं आणि गिऱ्हाइकाला विकायच्या आत गोदामात जळालं, तर कुणाचं जळालं?"

"बँकेचं."

"आणि तुमच्या बँकेत?"

मी शीरखुर्मा ढवळत बसले. आमच्याकडं मशीन जळालं तरी हप्ता जळत नाही.

तर सगळी मेख त्या मधल्या वेळेत. बँक काही काळ तरी त्या वस्तूची खरी मालक असली पाहिजे, तिची जोखीम अंगावर घेतली पाहिजे, तरच पुढचा नफा विक्रीचा नफा ठरतो. नाहीतर तो पैशावर घेतलेला पैसा, म्हणजे रिबा. त्यामुळं कागद दोन: दुकानदाराकडून बँकेनं घेतल्याचा एक, बँकेकडून गिऱ्हाइकानं घेतल्याचा दुसरा, आणि पहिला आधीच हवा. या फाईलमध्ये दोन्ही होते. सह्या होत्या, शिक्के होते, तारीखसुद्धा एकच होती. पण स्कॅन करून सिस्टीमला चढवलेल्या कागदावर वेळ पडते. गिऱ्हाइकाची सही सकाळी १०.४० ची आणि दुकानदाराचं बिल दुपारी २.१५ चं. साडेतीन तास बँक दुसऱ्याचं मशीन आपलं म्हणून विकून बसली होती. कारण विचाराल तर साधं. गिऱ्हाइकाला दुपारचं विमान होतं, म्हणून शाखेतल्या मुलीनं त्याची सही आधी घेऊन ठेवली. कुणाचा एक पैसा बुडाला नाही, कुणी तक्रार केली नाही. पोरग्यानं शेरा मारला, फाईल शरिया बोर्डापुढं गेली आणि बोर्डानं सांगितलं, या व्यवहारातला नफा उत्पन्नातून काढून दानाच्या खात्यात टाका.

"सगळा?"

"सगळा. मॅनेजर अजून माझ्याशी बोलत नाही."

तेवढं मात्र अगदी ओळखीचं वाटलं.

त्या रात्री मला वडगावची एक फाईल आठवली. १९९७-९८ ची गोष्ट, मी तेव्हा कर्ज विभागात होते. एका विणकराला चार यंत्रमागांसाठी कर्ज मंजूर झालं होतं. दसऱ्याच्या आत माग सुरू झाले पाहिजेत म्हणून पैसे आधी सोडले, कागद मागाहून. करारपत्राला लागणारा स्टँप पेपर चार दिवसांनी हातात आला. मॅनेजर म्हणाले, "बाई, तारीख पैसे दिल्या दिवसाची घाला." मी घातली. माझं अक्षर चांगलं, म्हणून असले कागद माझ्याच टेबलावर यायचे. पुढं कर्ज थकलं आणि वाद सहायक निबंधकांपुढं गेला. समोरच्या वकिलानं फार काही युक्तिवाद केला नाही. त्यानं नुसता स्टँप पेपर उलटा केला. मागं विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक आणि विकल्याची तारीख. जो कागद सोमवारी विकला गेला, त्याच्यावर आदल्या गुरुवारी करार झालेला होता.

"हे अक्षर तुमचं का?" मला विचारलं.

"होय."

आणखी काही विचारलंच नाही. वाद सहा वर्षं रेंगाळला, शेवटी निम्म्यावर तडजोड झाली. मॅनेजर तोवर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं. पोरग्याच्या बँकेत ही फाईल पहिल्याच ऑडिटला आडवी झाली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी तपासणीवाल्या बाईचा प्रश्न विचारला. "शेरा मारणाऱ्याचा पगार कोण देतं?"

हसला. "बँकच."

"आणि बोर्डाचा?"

"तेही बँकच."

शरिया बोर्ड म्हणजे फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातला कायदा, जाणणाऱ्या विद्वानांचं मंडळ. बँकेनं नवी योजना काढली की ती यांच्यापुढं जाते आणि हे लेखी मत देतात. त्या मताला फतवाच म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द धमकी म्हणून इतका वापरलाय, की बँकेच्या फायलीत 'फतवा जोडला आहे' असं असतं हे ऐकून मला हसू आलं. इस्लामी वित्तसंस्थांची हिशेब आणि लेखापरीक्षणाची मानकं ठरवणारी एक संस्था आहे, आयोफी. १९९१ मध्ये बहारीनलाच तिची नोंदणी झाली. तिच्या मानकाप्रमाणं बोर्डावर किमान तीन विद्वान हवेत, बँकेच्या संचालकाला त्यात बसता येत नाही आणि नेमणूक करायची भागधारकांनी, वार्षिक सर्वसाधारण सभेत. संचालकांनी नाही.

'भागधारक सभेत नेमतात' हे वाक्य ऐकलं की मला कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, वास येतो. आमच्या बँकेची सभा मंगल कार्यालयात व्हायची. विषय क्रमांक सहा, लेखापरीक्षकांची नेमणूक. सचिव नाव वाचायचे, मागच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" व्हायचं आणि तोवर अर्धी माणसं भेटीचे कुंद्याचे डबे घ्यायला दाराकडं निघालेली असायची. नाव कुणी ऐकलंय? मी ऐकायचे, कारण पुढं वर्षभर त्या माणसाला फायली काढून द्यायला मीच. अध्यक्षांच्या मर्जीतला नसलेला लेखापरीक्षक मी एकदाच पाहिला, आणि तो एकच वर्ष टिकला. आता २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते आणि तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा थोडं बरं असेल. माझ्या वेळी नव्हतं.

पोरगा म्हणाला, तिकडची अडचण वेगळीच आहे. फिकहही पक्कं, बँकेचा ताळेबंदही वाचता येतो आणि इंग्रजीत करारही कळतो अशी माणसं जगात मोजकी. त्यामुळं तीच नावं डझनावारी मंडळांवर. एका बँकेला मत देणारा तिच्या स्पर्धकालाही मत देतो. मलेशियानं यावर सरळ बंदी घातली: एका प्रकारच्या एकाच संस्थेवर बसा. बहारीनच्या मध्यवर्ती बँकेनं दुसरा उपाय काढला: बँकेचं आपलं शरिया ऑडिट असलं तरी वरून बाहेरच्याकडूनही करून घ्यायचं. म्हणजे पोरगा मॅनेजरला तपासतो आणि पोरग्याला कुणी तिसराच तपासतो. हे ऐकताना भाभींच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं.

मलेशियाचं मला एकंदर पटलं. तिथं पहिली इस्लामी बँक १९८३ ची. १९९७ मध्ये मध्यवर्ती बँकेत एकच वरिष्ठ शरिया सल्लागार परिषद केली आणि २००९ च्या कायद्यानं तिचा निर्णय कोर्टालाही बंधनकारक केला. २०१३ च्या कायद्यात तर शरिया मोडणाऱ्याला आठ वर्षांपर्यंत तुरुंग, नाहीतर अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चार विद्वानांची चार मतं होणार हे धरून चालायचं आणि वाद मिटवायचा शेवटचा दरवाजा आधीच बांधून ठेवायचा.

तो दरवाजा नसला की काय होतं, याची गोष्ट पोरग्यानं फार रंगवून सांगितली. शारजाची दाना गॅस ही कंपनी. तिनं सुकूक काढले होते, सुमारे ७० कोटी डॉलरचे. सुकूक म्हणजे रोख्यासारखाच कागद, पण व्याजाऐवजी एखाद्या मालमत्तेतला किंवा धंद्यातला हिस्सा देणारा. पैसे परत करायची वेळ जवळ आली तेव्हा, २०१७ मध्ये, कंपनीनं जाहीर केलं की आमचे हे सुकूक शरियात बसत नाहीत असा सल्ला आम्हाला मिळालाय, त्यामुळं अमिरातीच्या कायद्यानं ते बेकायदेशीर आहेत आणि आम्ही पैसे देऊ शकत नाही!

मी दोनदा विचारलं, कुणाचे सुकूक? त्यांचेच. काढताना चालले, फेडताना बाटले.

प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं, कारण खरेदीच्या हमीपत्रात इंग्लंडचा कायदा लिहिलेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं सांगितलं, इंग्लंडच्या कायद्यानं ही हमी पक्की आहे. शारजातल्या कोर्टात वेगळी लढाई चालूच होती. २०१८ मध्ये धनकोंशी तडजोड झाली. त्याच साली अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेचं उच्च शरिया प्राधिकरण कामाला लागलं आणि आयोफीची शरिया मानकं तिथल्या इस्लामी बँकांना सक्तीची झाली.

एकाच कागदाला दोन कायदे लागू, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि भाषा? आमच्या काउंटरवर मराठीच वाचता येणारी बाई इंग्रजीत छापलेल्या करारावर, कन्नडमधल्या शिक्क्याशेजारी सही करायची आणि विचारायची, "ह्यात काय लिवलंय ओ बाई?" मी दोन वाक्यांत सांगायचे. दोन वाक्यांत सोळा पानं. पोरगा म्हणाला, त्याच्याकडं केरळचा नाहीतर बिहारचा कामगार अरबी-इंग्रजी करारावर अशीच सही करतो, आणि विक्री कधी झाली, मालक कोण होतं, हे त्याच्या गावीही नसतं. त्याला हप्ता किती एवढंच हवं असतं.

सगळंच मला पटलं असं नाही. तवर्रुक म्हणून एक प्रकार आहे. गिऱ्हाइकाला वस्तू नकोच असते, रोकड हवी असते. मग बँक दलालामार्फत धातू घेते, तो गिऱ्हाइकाला उधारीनं विकते, आणि गिऱ्हाइकाच्या वतीनं लगेच तिसऱ्याला रोखीनं विकून पैसे त्याच्या खात्यात टाकते. काही मिनिटांत सगळं. तो धातू गिऱ्हाइकानं पाहिलेला नसतो, कधी पाहणारही नाही. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीनं एप्रिल २००९ मध्ये शारजाच्या बैठकीत हा असा बँकांनी आखून दिलेला तवर्रुक नाजायज ठरवला. तरी बऱ्याच बँकांची आपापली मंडळं त्याला मान्यता देतात. "मग तुझी?" मी विचारलं. तो भाभींकडं बघून म्हणाला, "चहा घेऊ या का?"

दंडाचं मात्र मला फार आवडलं. हप्ता उशिरा आला तर दंड लावता येतो, पण तो बँकेला खाता येत नाही. दानाच्या खात्यात जातो, आणि तिथून कुठं गेला हे ऑडिट बघतं. आमच्याकडं दंडव्याजावर व्याज चढून, मुद्दलापेक्षा फुगवटा मोठा झालेली खाती मी कितीतरी पाहिलीत. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये परिपत्रक काढलं, दंडव्याज नाही, दंड शुल्क म्हणा, आणि त्यावर व्याज चढवू नका. निम्मी वाट आली म्हणायची. पैसे अजून बँकेच्याच उत्पन्नात जातात.

तर अशी बँक आपल्या गल्लीच्या तोंडाशी का नाही? माझं उत्तर तयार होतं, पदोन्नतीच्या परीक्षेला पाठ केलेलं. बँकिंग नियमन कायदा १९४९, कलम ८. बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. म्हणजे ते लेथ मशीन आपल्या बँकेला आपलं म्हणून घेताच येणार नाही. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगला वाट द्या म्हणून सुचवलं होतं. २०१७ मध्ये माहिती अधिकारात कुणी विचारलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं कळवलं, हा प्रस्ताव पुढं न्यायचा नाही असं ठरलंय. कारण काय, तर बँकिंगच्या सेवा सगळ्यांना सारख्याच खुल्या आहेत. (शेअरमधल्या शरिया निर्देशांकांबद्दल त्यानं सांगायला घेतलं होतं. डाऊ जोन्सच्या इस्लामी निर्देशांकात तंबाखूही चालत नाही आणि व्याजी बँकाही. माझं माहेर निपाणी, तंबाखूचं गाव. माहेर आणि नोकरी दोन्ही एका फटक्यात बाद.)

या रिकाम्या जागेत काय उगवतं ते भाभींच्या भावानं पाहिलंय. 'हलाल' पाटी लावलेल्या एका कंपनीत त्यानं मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवले. नाव घेत नाही. दरमहा नफा यायचा, कधीच कमी नाही, कधीच तोटा नाही. भाभींनीही ठेवायचे का, म्हणून मला विचारलं होतं. मी शरियाबद्दल काय सांगणार? धंद्यात एकाही महिन्यात तोटा नाही कसा, एवढंच म्हटलं. भाभी थांबल्या, भाऊ थांबला नाही.

भाभींचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेच्या बचत खात्यात आहेत. व्याज लागतंच, नको म्हटलं तरी. ते त्या वापरत नाहीत. गेली पंचवीसेक वर्षं त्या पासबुक घेऊन माझ्याकडं येतात, मी व्याजाच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल करते, वहीत उतरवते, आणि तेवढे पैसे त्या काढून कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला देऊन टाकतात. मशिदीला नाही. सवाब, म्हणजे पुण्य, मिळावा म्हणूनही नाही. "ये तो घरका कचरा निकालना है," असं म्हणतात. सुट्टे पैसे असले की पुढचा रुपया धरायचा. पूर्वी सहा महिन्यांनी एक, अशा वर्षाला दोन ओळी असायच्या. २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं, पुढं ते तिमाहीनं जमा व्हायला लागलं, आणि मग माझे गोलही वाढले.

ईदची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी पोरग्यानं ती वही आणि जुनी सगळी पासबुकं मागितली. सवय. माझ्याच पडवीत बसून दीड तास मला तपासत होता. मी स्वयंपाकघरात, पण कान तिकडं.

"मावशी, हे तीन गोल गॅस सबसिडीचे आहेत."

२०१५ सालची पासबुकातली ती आखूड अक्षरं. मी सबसिडीला व्याज समजले होते आणि भाभी स्वतःचे हक्काचे पैसे वाटून मोकळ्या झाल्या होत्या. आणि त्याच साली, पासबुक बदललं तिथं, एका सहामाहीचं व्याज माझ्या नजरेतून सुटलं होतं. १८७ रुपये. दहा वर्षांच्या वर भाभी व्याज खात होत्या, माझ्या चुकीनं.

"मग सबसिडीचे जास्त दिलेत ते यात वळते करून टाक," मी म्हटलं. बँकेतली बाई, दुसरं काय सुचणार.

"ते मी नाही ठरवत. मी फक्त शेरा मारतो." असं म्हणून त्यानं आईकडं बघितलं.

भाभी म्हणाल्या, "वळते नको. वो अल्लाके नामपर गये, वो अलग. ये अलग." पर्स उघडून दोनशेची नोट काढली आणि वहीवर ठेवली. पुढचा रुपया नाही, पुढची नोट.

मी पेन्सिल घेतली. २०१५ च्या पानावर खाली बरोब्बर एका ओळीची जागा होती, नोंद तिथं छान बसली असती. मी लिहायला वाकले.

"आजची तारीख घाला, मावशी," पोरगा म्हणाला. "आणि पेननं."